मेडिकेटेड स्टेंट : औषध कुठे असतं, किती दिवस झिरपतं आणि संपल्यावर काय?

पारसिक (धागाकर्ता)

ठाणे काय नि नवी मुंबई काय, अँजिओप्लास्टी करून घरी आलेल्या माणसाच्या फायलीत हल्ली 'डीईएस' (ड्रग-इल्युटिंग, म्हणजे औषध सोडणारा स्टेंट) ही अक्षरं असतातच. घरचे सांगतात, "मेडिकेटेड स्प्रिंग टाकली." पुढे बहुतेकांची समजूत अशी, की त्या स्प्रिंगमधून रक्त पातळ करणारं औषध जन्मभर सुटत राहतं. यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. स्टेंटवरचं औषध रक्त पातळ करत नाही, आणि ते जन्मभर तर सोडाच, वर्षभरही पुरत नाही. "स्प्रिंगलाच औषध आहे, मग रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कशाला?" हा प्रश्न इथूनच निघतो, आणि त्यातून गोळ्या बंद होतात. म्हणून हा धागा.

आधी थोडं मागचं. १९७७ साली झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटसिग यांनी हृदयाच्या धमनीत पहिल्यांदा बलून फुगवला. धमनी उघडायची, पण रबरासारखी पुन्हा आवळायची. त्यावर उपाय म्हणून १९८६ मध्ये जाळीचा स्टेंट आला. आवळणं थांबलं, पण दुसरा त्रास उरला. बलून फुगताना धमनीचं आतलं अस्तर सोलवटतं आणि मधल्या थराला चिरा जातात. शरीराच्या लेखी ती जखमच. काही मिनिटांत तिथे प्लेटलेट चिकटतात, काही दिवसांत पांढऱ्या पेशी जमतात, आणि मग मधल्या थरातल्या स्नायूपेशी दुप्पट-चौपट होत जाळीच्या फटींतून आत सरकतात. पहिल्या दोन आठवड्यांत या वाढीचा जोर सर्वात जास्त असतो, पुढे तीन ते सहा महिने तिथे तंतुमय भर साचत राहते. साध्या स्टेंटमध्ये दर चार-पाच रुग्णांपैकी एकाची नळी अशी पुन्हा अरुंद व्हायची. हा चरबीचा नवा ब्लॉकेज नव्हे. जखम भरताना मांस जास्त वाढलं, इतकंच.

मेडिकेटेड स्टेंट या वाढीला रोखतो. त्यातलं मूळ औषध सिरोलिमस, म्हणजेच रॅपामायसिन. १९६४ च्या कॅनेडियन मोहिमेत ईस्टर बेटावरची माती गोळा केली होती. त्या मातीतल्या एका जिवाणूपासून सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉन्ट्रियलच्या प्रयोगशाळेत सत्तरच्या दशकात ते वेगळं केलं. बेटाचं स्थानिक नाव रापा नुई, त्यावरून रॅपामायसिन. सुरुवातीला ते बुरशीवरचं औषध म्हणून तपासलं गेलं, पुढे मूत्रपिंड प्रत्यारोपणात वापरात आलं. १९९९ मध्ये साओ पावलोला सिरोलिमसचा लेप दिलेला स्टेंट प्रथम माणसात बसवला गेला आणि २००३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

ते काम कसं करतं? पेशीत शिरून ते एफकेबीपी-१२ नावाच्या प्रथिनाला चिकटतं आणि ही जोडी एमटॉर हा वाढीचा खटका दाबून धरते. पेशी मरत नाही, विभाजनाच्या उंबरठ्यावर थांबून राहते. एव्हरोलिमस, झोटारोलिमस, बायोलिमस ही सगळी याच घराण्यातली भावंडं. पॅक्लिटॅक्सेल वेगळं. ते पेशीचा आतला सांगाडा गोठवतं. सुरक्षिततेत 'लिमस' घराणं सरस ठरल्यामुळे स्टेंटवर आता जवळपास सगळीकडे तेच दिसतं.

लेप कसा चढवतात, हे रबाळे_कोटिंग यांनी लिहावं अशी विनंती.

रबाळे_कोटिंग

लिहितो. 'स्टेंटमध्ये औषध भरतात' असं म्हणतात, पण स्टेंटची तार बहुधा भरीवच असते. औषध असतं ते वरच्या लेपात.

कोबाल्ट-क्रोमियमची बारीक नळी घेऊन लेझरने जाळी कापायची. कडांवरचा जळका थर आम्लाने काढायचा, मग इलेक्ट्रोपॉलिश करून कडा गोल करायच्या. धारदार कड राहिली तर लेप तिथे पातळ बसतो आणि तिथूनच सुटतो. मग पॉलिमर (औषध धरून ठेवणारं प्लास्टिकसारखं द्रव्य) आणि औषध एकाच उडून जाणाऱ्या द्रावकात विरघळवून अल्ट्रासॉनिक नोझलने स्टेंटवर फवारायचं. स्टेंट सळीवर गोल फिरत असतो आणि थरावर थर चढत जातात. दर टप्प्याला मायक्रोबॅलन्सवर वजन घ्यावं लागतं, कारण सगळा लेपच मायक्रोग्रॅममध्ये मोजायचा असतो. द्रावक पूर्ण उडाला पाहिजे. तो आत राहिला तर लेप मऊ राहतो आणि औषध ठरल्यापेक्षा लवकर सुटतं.

आकडे घ्या. एव्हरोलिमसच्या एका सर्वपरिचित स्टेंटमध्ये तार ८१ मायक्रोमीटर जाड, त्यावरचा लेप जेमतेम ८. औषधाची मात्रा दर चौरस सेंटिमीटरला १०० मायक्रोग्रॅम. ३ मिमी व्यास आणि १८ मिमी लांबीच्या स्टेंटवर एकूण औषध ९० मायक्रोग्रॅमच्या आत. प्रत्यारोपणाचे रुग्ण सिरोलिमसची २ मिलिग्रॅमची मात्रा रोज घेतात. त्या एका दिवसाच्या गोळीचा विसावा भागही या पूर्ण स्टेंटवर नसतो.

आता झिरपणं. लेपाच्या पृष्ठभागावरचं औषध पहिल्या एक-दोन दिवसांत झटकन सुटतं. त्यानंतर आतल्या औषधाला पॉलिमरच्या साखळ्यांमधून वाट काढत बाहेर यावं लागतं, म्हणून वेग मंदावतो. वर सांगितलेल्या स्टेंटमध्ये साधारण ८० टक्के औषध ३० दिवसांत आणि जवळपास सगळं चार महिन्यांत बाहेर पडतं. स्नायूपेशींच्या वाढीचा जोर आणि औषधाचा जोर एकाच महिन्यात यावेत, असा हा हिशेब बसवलेला असतो. फार लवकर सुटलं तर वाढ नंतर डोकं वर काढते. पॅक्लिटॅक्सेलच्या पहिल्या स्टेंटमध्ये याच्या उलट अडचण होती. महिनाभरात दहा टक्केसुद्धा औषध सुटायचं नाही, बाकीचं लेपातच अडकून राहायचं.

पॉलिमर दोन जातींचे. एक कायम राहणारा, म्हणजे औषध संपलं तरी लेप तारेवर तसाच. दुसरा विरघळणारा, पीएलएलए किंवा पीएलजीए. याच्या साखळ्या पाण्याने तुटतात आणि शेवटी लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल होऊन शरीरात मिसळून जातात. काही स्टेंटवर हा लेप फक्त धमनीच्या भिंतीला टेकणाऱ्या बाजूला देतात. रक्ताकडची बाजू उघडी राहते आणि अस्तर तिथे लवकर धरतं. या प्रकारच्या एका स्टेंटमध्ये लेप ४ मायक्रोमीटरचा, औषध सुमारे तीन महिन्यांत संपतं आणि त्यानंतर थोड्याच काळात पॉलिमरही संपतो. पॉलिमरशिवायचेही स्टेंट आहेत. त्यात भिंतीकडची धातूची बाजू खरबरीत करून बायोलिमस थेट तिच्यावर बसवतात.

बिघाड कुठे होतो, ते नीट समजावं म्हणून एक ओळखीचं उदाहरण. ऐरोली किंवा कोपरीला खाडीकडच्या बाल्कनीचं ग्रिल बघा. सरळ गजावर रंग वर्षानुवर्षं टिकतो, पण गज जिथे वाकवलाय तिथे आधी केसाएवढी चीर पडते. स्टेंटचंही तसंच आहे. तो बलूनवर घट्ट आवळून बसवतात, तेव्हा आणि धमनीत उघडताना सगळा ताण जाळीच्या वळणांवर येतो. लेप ठिसूळ असेल तर तिथेच तडकतो किंवा सुटतो. दुसरा दोष म्हणजे दोन तारांच्या मधल्या कोनात लेपाचा पडदा तयार होणं. स्टेंट उघडला की तो फाटतो आणि त्याचे तुकडे रक्तात जाऊ शकतात. म्हणून प्रत्येक बॅचचे नमुने पूर्ण फुगवून सूक्ष्मदर्शकाखाली वळण-वळण बघतात, आणि ३७ अंशांच्या द्रावात ठेवून ठरावीक वेळांना किती औषध सुटलं ते मोजतात.

विरघळणाऱ्या पॉलिमरचा शत्रू दमट हवा, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती भरपूर. फॉइलच्या पाकिटाचं सील उचकटलेलं असेल, तर तारीख शिल्लक असली तरी तो स्टेंट वापरू नये.

मनोरमा

फार उपयुक्त माहिती. दोन शंका. सिरोलिमस प्रतिकारशक्ती कमी करतं ना? मग मधुमेही माणसाला या स्टेंटमुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो का? आणि इतकं थोडं औषध वाहत्या रक्तात वाहून कसं जात नाही?

पारसिक

मनोरमाताई, पहिल्याचं उत्तर नाही. मात्रा इतकी कमी की रक्तात औषधाची पातळी काही दिवस नाममात्र दिसते आणि मग उतरते. मधुमेहात अडचण वेगळी असते. धमन्या बारीक, आजार लांबवर पसरलेला आणि पेशींची वाढ जोरात, त्यामुळे नळी पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण औषध असूनही इतरांपेक्षा जास्त राहतं.

दुसऱ्याचं उत्तर या औषधांच्या निवडीतच आहे. 'लिमस' औषधं स्निग्ध पदार्थांत विरघळणारी आहेत, पाण्यात जवळजवळ नाहीतच. त्यामुळे भिंतीत शिरली की ती ऊतींना धरून बसतात. पाण्यात विरघळणारं औषध तारेवर लावलं असतं, तर ते रक्तात धुऊन गेलं असतं. पण एक अट आहे. तार भिंतीला टेकलेली हवी. तार आणि भिंत यांच्यात फट राहिली, तर त्या जागचं औषध रक्तात जातं आणि भिंत कोरडी राहते. म्हणजे औषध पोचणार की नाही हे शेवटी स्टेंट कसा बसवला यावर ठरतं.

चरईचा सुहास

पारसिक यांचं शेवटचं वाक्य माझ्या कामाचं, म्हणून कॅथलॅबच्या (जिथे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीच्या) बाजूने लिहितो.

मनगटाच्या धमनीतून साधारण २ मिमी जाडीची नळी जाते. रक्त गोठू नये म्हणून हेपारिन, वजनाच्या किलोमागे ७० ते १०० युनिट. रक्त गोठायचा वेळ, म्हणजे एसीटी, २५० सेकंदांच्या वर ठेवायचा. ०.०१४ इंची वाट दाखवणारी तार (गाइडवायर) ब्लॉकेजपलीकडे नेली की आधी साधा बलून. इथे पडद्यावर बारकाईने बघायची एक गोष्ट असते. बलूनमध्ये निम्मं कॉन्ट्रास्ट आणि निम्मं सलाईन असतं, म्हणून तो एक्स-रेत काळा दिसतो. दोन्ही टोकं फुगली आणि मध्ये डमरूसारखी कंबर राहिली, तर तिथे कॅल्शियमचं कडं आहे. दाब वाढवूनही ती कंबर गेली नाही, तर तिथे स्टेंट टाकायचा नाही. आधी रोटाब्लेटरच्या हिरेजडित टोकाने किंवा लिथोट्रिप्सीच्या बलूनने कॅल्शियम फोडायचं, मगच स्टेंट. एकदा जाळी कड्याच्या आत अर्धवट उघडली की ती बाहेर काढता येत नाही.

स्टेंट साधारण १० ते १२ अॅटमॉस्फिअरला उघडतात. नक्की आकडा खोक्यावरच्या तक्त्यात असतो. मग जास्त न ताणणारा, म्हणजे एनसी बलून आत नेऊन १६ ते २० पर्यंत दाब द्यायचा. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन असतो, त्यावरून अंदाज येईल.

आता एक हिशेब, तो प्रत्येकाने समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. साध्या स्टेंटमध्ये वाढलेल्या मांसामुळे आतला व्यास सरासरी ०.९ मिमीने कमी होतो. आजच्या मेडिकेटेड स्टेंटमध्ये ०.१५ च्या आसपास. ३ मिमीला पूर्ण उघडलेला साधा स्टेंट काही महिन्यांनी २.१ वर येतो, मेडिकेटेड २.८५ वर राहतो. पण हाच मेडिकेटेड स्टेंट कॅल्शियममुळे २.३ पर्यंतच उघडला तर? २.३ उणे ०.१५ म्हणजे २.१५. औषधाचा सगळा फायदा त्याच टेबलावर गेला, रुग्ण साध्या स्टेंटच्या जागी येऊन बसला. वर अर्धवट उघडलेल्या स्टेंटमध्ये गुठळी होण्याची भीती वेगळीच.

म्हणून धमनीच्या आतून बघणं महत्त्वाचं, आयव्हीयूएस (आतून अल्ट्रासाउंड) किंवा ओसीटी (आतून प्रकाशाने घेतलेलं चित्र). अँजिओग्राममध्ये फक्त सावली दिसते. ओसीटीत तार न् तार आणि तिच्यामागची फट दिसते. स्टेंटच्या आतलं सर्वात कमी क्षेत्रफळ आयव्हीयूएसवर ५.५ चौरस मिमीच्या वर, ओसीटीवर ४.५ च्या वर असावं. हे आकडे मुख्य डाव्या खोडाला लागू नाहीत, तिथे जास्त लागतं.

आणखी दोन चुका. बलूनने जितका भाग खरवडला त्यापेक्षा स्टेंट आखूड निवडला, तर उघड्या राहिलेल्या कडेला औषध नसतं आणि जखम असते. नळी पुन्हा अरुंद होते ती नेमकी तिथे. आणि स्टेंट बसवण्याआधी बोटांनी चाचपायचा नाही, पुसायचा नाही, सलाईनमध्ये बुडवून ठेवायचा नाही. लेप खरवडतो आणि औषध आधीच सुटायला लागतं.

खारघर१०

मग औषध चार महिन्यांत संपतं, तरी गोळ्या सहा महिने किंवा वर्षभर का?

शिल्पा_नेरुळ

कारण जे औषध स्नायूपेशींना थांबवतं तेच अस्तराच्या पेशींनाही थांबवतं. साध्या स्टेंटवर अस्तर साधारण महिन्याभरात धरतं, मेडिकेटेडवर त्याला जास्त वेळ लागतो. तोवर धातू रक्ताला उघडा असतो, आणि उघड्या धातूवर प्लेटलेट चिकटून गुठळी झाली तर नळी काही मिनिटांत बंद होते. पहिल्या पिढीच्या स्टेंटमध्ये अशा उशिरा होणाऱ्या गुठळ्यांवरून २००६ च्या बार्सिलोनातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या परिषदेत मोठा वाद झाला होता. पातळ तार, सौम्य पॉलिमर आल्यापासून हे प्रमाण खूप घटलं, पण गोळ्या मध्येच सोडणं हे गुठळीचं मोठं कारण आजही आहे.

हार्ट अटॅकनंतर स्टेंट असेल तर दोन गोळ्या सहसा १२ महिने, स्थिर आजारात सहसा ६ महिने. रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर डॉक्टर हा काळ एक ते तीन महिन्यांवरही आणतात. दोन गोळ्या म्हणजे अॅस्पिरिन ७५ मिग्रॅ आणि सोबत यांपैकी एक : क्लोपिडोग्रेल ७५ रोज एकदा, प्रासुग्रेल १० रोज एकदा, किंवा टिकाग्रेलॉर ९० दर बारा तासांनी.

काउंटरवर गोंधळ होतो तो असा :

आपल्याकडे क्लोपिडोग्रेल, अॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची स्टॅटिन एकाच कॅप्सूलमध्ये मिळते. वर्ष झालं, डॉक्टर म्हणाले "क्लोपिडोग्रेल बंद करा", आणि घरी पूर्ण कॅप्सूल बंद झाली. म्हणजे अॅस्पिरिन आणि स्टॅटिनही गेली, जी चालू राहायला हवी होती. याच्या उलटही होतं. कॅप्सूल चालू आणि जुन्या चिठ्ठीवरची वेगळी अॅस्पिरिनही चालू. म्हणून पाकिटाच्या पुढच्या नावावर जाऊ नका, मागची घटकद्रव्यं वाचा.

टिकाग्रेलॉरची संध्याकाळची गोळी राहते. तिचा असर लवकर उतरतो, म्हणून ती चुकवणं क्लोपिडोग्रेलपेक्षा महागात पडतं. राहिलीच तर पुढची वेळेवर घ्या, दोन एकदम घेऊ नका. या गोळीने काहींना धाप लागल्यासारखं होतं. मनाने थांबवू नका, डॉक्टर गोळी बदलून देतात.

अॅसिडिटीसाठी क्लोपिडोग्रेलसोबत ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल नको, त्याने क्लोपिडोग्रेल यकृतात पुरेसं कार्यरत होत नाही. पँटोप्राझोल चालतं. गुडघेदुखीला स्वतःच्या मनाने आयबुप्रोफेन नको. ते अॅस्पिरिनची प्लेटलेटवरची जागा अडवतं आणि पोटात रक्तस्रावाचा धोकाही वाढवतं.

मनोरमा

कॅप्सूलचा मुद्दा वेगळा लिहून फ्रीजवर लावण्यासारखा आहे. धन्यवाद शिल्पाताई.

दात काढायचा असेल किंवा एमआरआय सांगितला तर?

शिल्पा_नेरुळ

साध्या दात काढण्यासाठी सहसा गोळ्या थांबवत नाहीत, दंतवैद्य तिथेच दाब देऊन किंवा टाका घालून रक्त थांबवतात. पण स्टेंट आहे हे आधी सांगा. पुढे ढकलता येणारी मोठी शस्त्रक्रिया असेल तर ढकलतात. करावीच लागली तर हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन मिळून ठरवतात. शस्त्रक्रियेआधी टिकाग्रेलॉर तीन ते पाच, क्लोपिडोग्रेल पाच आणि प्रासुग्रेल सात दिवस थांबवण्याची पद्धत आहे. अॅस्पिरिन शक्यतो चालूच.

एमआरआयबद्दल : कोबाल्ट-क्रोमियम आणि प्लॅटिनम-क्रोमियमचे स्टेंट ३ टेस्लापर्यंतच्या यंत्रात ठरावीक अटींवर चालतात. सेंटरवर स्टेंटचं कार्ड दाखवायचं.

खारघर१०

किमतीचं काय? एकाच इस्पितळात दोन-तीन दर सांगतात असं ऐकतो.

पारसिक

फेब्रुवारी २०१७ पासून स्टेंटच्या कमाल किमतीवर सरकारी बंधन आहे. तेव्हा साध्याला ७,२६० आणि मेडिकेटेडला २९,६०० रुपये, कर वेगळा. पुढे घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे हा आकडा बदलत गेला, ताजा आकडा राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असतो. देशी आणि परदेशी मेडिकेटेड स्टेंटला मर्यादा एकच. फरक पडतो तो खोली, बलून, वायर आणि डॉक्टरांच्या फीमध्ये. बिलात स्टेंटची किंमत, ब्रँड, उत्पादक आणि बॅच नंबर वेगळा दाखवणं बंधनकारक आहे. तो मागून घ्या.

देशी स्टेंटबद्दल शंका असणाऱ्यांसाठी : सुरतेत बनणारा ६० मायक्रोमीटर तारेचा सिरोलिमस स्टेंट युरोपातल्या 'टॅलेंट' चाचणीत एव्हरोलिमसच्या नावाजलेल्या स्टेंटच्या तोडीस तोड ठरला. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध झालं. उलट सगळाच्या सगळा विरघळून जाणारा स्टेंट एका बड्या परदेशी कंपनीने गाजावाजा करून आणला होता. त्याच्या तारा १५० मायक्रोमीटरच्या आसपास जाड. गुठळ्यांचं प्रमाण जास्त निघालं आणि २०१७ मध्ये त्याची विक्री थांबली. जाड तारेमागे रक्त घुटमळतं आणि तिच्यावर अस्तर उशिरा धरतं.

रबाळे_कोटिंग

+१. तार पातळ करत जाणं हे लेपाइतकंच मोठं काम आहे.

खारघर१०

आणि स्टेंटच्या आत पुन्हा अरुंद झालंच, तर परत स्टेंट?

चरईचा सुहास

आधी कारण शोधायचं, ओसीटी किंवा आयव्हीयूएस लावून. स्टेंट अर्धवट उघडलेला असेल तर आत दुसरी जाळी घालून उपयोग नाही, जुनीच नीट उघडावी लागते. जाळी तुटली असेल तर तेवढ्या जागी औषध पोचलेलं नसतं. मांस वाढलं असेल तर औषधाचा बलून हा चांगला पर्याय. त्यावर पॅक्लिटॅक्सेल दर चौरस मिमीला २ ते ३ मायक्रोग्रॅम असतं, सिरोलिमसचेही बलून आहेत. पॅक्लिटॅक्सेल इथे चालतं, कारण ते भिंतीत झटकन शिरतं. आधी साध्या किंवा कटिंग (बारीक पाती असलेल्या) बलूनने जागा तयार करायची, मग औषधाचा बलून थेट त्या जागी नेऊन ३० ते ६० सेकंद फुगवायचा. वाटेत रेंगाळला तर औषध रक्तात धुऊन जातं, म्हणून बाहेरून आत आणि आतून जागेवर, सलग. एका बलूनचं औषध एकदाच वापरायचं. दुसऱ्या जागेला दुसरा बलून.

काही वर्षांनी स्टेंटच्या आत नव्याने चरबी साचणं हे वेगळं प्रकरण. त्यावर इलाज स्टॅटिनचा, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ५५ मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली ठेवण्याचा. स्टेंटची जागा सोडून बाकीच्या धमन्यांनाही तेच लागतं.

शिल्पा_नेरुळ

त्यात एक भर. एलडीएलची तपासणी गोळी सुरू केल्यावर चार ते बारा आठवड्यांनी करायची, आणि रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी सोडायची नाही. तो रिपोर्ट गोळी चालू असतानाचा असतो.